उत्तर आल्याशिवाय

१

आमच्या जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या होत्या. त्यांतल्या दोन सात वर्षं टेबलापाशी नव्हत्या. त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या असायच्या, आणि त्या भिंतीवर विमान आहे.

म्हणजे विमानाचं नाक, आतून. आमचे हे छापखान्यात असतात, रस्त्यावरचे मोठमोठे फलक छापायचं काम. लेक वैमानिकाच्या शिक्षणाला लागली तेव्हा तिने कॉकपिटची चित्रं आणून बाबांपुढे टाकली आणि म्हणाली, खऱ्या मापात छापून द्या. ह्यांनी तीन पट्ट्यांत छापून, स्वतः गोंद लावून ती भिंतीवर चढवली. डोक्यावरच्या बटणांचा भाग पुठ्ठ्यावर डकवून छताला टांगला. तो दोनदा ह्यांच्याच डोक्यावर पडला. तेव्हा हे म्हणाले होते, पहिला विमान अपघात घरातच झाला, आता पुढे काही होत नाही.

शिकाऊ पोरं म्हणे सगळी असंच करतात. कागदापुढे बसायचं आणि कुठलं बटण कुठे आहे ते बोटांना पाठ करून द्यायचं. डावी खुर्ची कप्तानाची, उजवी को-पायलटची. लेक डाव्या खुर्चीत बसायची, उजवीत मी. माझं काम एवढंच की हातातली यादी वाचायची. मी म्हणायचे, पार्किंग ब्रेक? ती तिथे बघायची, कागदाला बोट लावायची आणि म्हणायची, सेट. मी म्हणायचे, फ्युएल पंप्स? ती म्हणायची, ऑन. डोअर्स? क्लोज्ड.

पहिल्याच दिवशी तिने मला नियम सांगितला होता. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं, पण पुढे जायचं नाही. आणि मध्येच कुणी बोललं, फोन वाजला, तर यादी पुन्हा वरून. मला ते लगेच पटलं. माळ ओढताना कुणी हाक मारली तर मीही पहिल्या मण्यावर परत येते. मी तसं म्हटलं तर ती हसून म्हणाली, आई, तू आमच्या लाइनीत यायला हवी होतीस.

हे तेव्हापासून मला ‘को-पायलट बाई’ म्हणू लागले. माझ्या बहिणीचा फोन आला की सांगायचे, बाई वर आहेत, खाली आल्या की बोलतील.

२

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती चालायचीच नाही. टाचा उचलून, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, सगळ्या घरभर फिरायची. गच्चीवर उन्हात उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगायची की हे दोन इंजिनांचं, हे चार. नऊ वर्षांची असताना दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का गं, तर म्हणाली, दुखू दे, पण पायलटला सगळे दात लागतात का ते सांगा.

ती को-पायलट झाली त्याला आता पाच वर्षं झाली. तिच्या झोपायच्या खोलीच्या काचांना आम्ही आतून चांदीचा कागद लावलाय, त्यावर जाड पडदे, कारण ती कधी सकाळी दहाला झोपते, कधी दुपारी चारला. दिवसाला चार उड्डाणं, चार वेळा उतरणं. जेवण मांडीवर, डब्यातलं, तेही कप्तानाचं झाल्यावर. कंबर धरलेली, कान दडे बसल्यासारखे. सुट्टीच्या दिवशी मी विचारायचे, काल कुठे गेली होतीस गं, तर तिला गाव आठवायचं नाही, हॉटेलच्या खोलीचा नंबर आठवायचा.

आणि ते स्टँडबाय. घरी बसायचं, पण बॅग दाराशी भरलेली, गणवेश इस्त्री करून आतल्या खोलीच्या दारामागे टांगलेला, फोन उशाशी. ड्युटी ऑफिसातून बोलावणं आलं की अर्ध्या तासात गाडी दारात. घरी असून घरात नसणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत पाहिलं. ती केस धुवायलाही घाबरायची.

एकदा आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो आणि डोक्यावरून विमान गेलं. मी सवयीने मान वर केली. ती चिमटे लावत राहिली.

त्याच दिवशी केसांना तेल लावताना ती मला म्हणाली की तिला वर असताना झोप येते. डुलकी नाही, झोप. तिने ते अशा आवाजात सांगितलं की मी तिचं डोकं जरा जोरातच चोळलं. कप्तान होण्याची परीक्षा पन्नास दिवसांवर आली होती. मी म्हटलं, एवढी परीक्षा होऊ दे, मग सगळं बसेल जागेवर. मी देवाशी बोलते.

ती म्हणाली, “देवाला सांग, मला आठ तास दे. बाकी काही नको.”

मी मात्र देवाकडे झोप मागितली नाही. मागितलं ते असं: माझी लेक उडू दे, दमू नये, आणि लहानपणी होती तशी आनंदात असू दे.

३

नेम साधा होता. ती ड्युटीवर असेल त्या प्रत्येक दिवशी, अंघोळ झाल्यावर, उपाशीपोटी, आतल्या खोलीत दिवा लावून उजव्या खुर्चीत बसायचं आणि पूर्ण यादी एकदा मोठ्याने वाचायची. तिचं काम तिथे चालेल, माझं इथे. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, एवढं वाचन शाळेत केलं असतंस तर तूच कप्तान झाली असतीस.

पहिले दहा दिवस मी वाचत गेले. पार्किंग ब्रेक? मग ती जेवढा वेळ घेते तेवढं थांबायचं. फ्युएल पंप्स? पुन्हा थांबायचं. पण अकराव्या दिवशी मनात आलं की ही तर फसवणूक झाली. उत्तर आलं नसताना मी पुढे जातेय. तिने सांगितलेला एकच नियम, आणि तोच मी रोज मोडतेय. देवापुढे बसून मणी गाळल्यासारखं झालं हे.

मी यादी पुन्हा वरून घेतली. “पार्किंग ब्रेक?” म्हटलं आणि बसून राहिले.

ठरवलं, उत्तर येईपर्यंत उठायचं नाही. कोणाचं उत्तर, कसलं, याचा विचार मी केला नाही. नेम म्हटला की असा विचार करायचा नसतो. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक तिथपर्यंत येत होती. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीत फडकं पिळल्याचा आवाज येत होता. नंतर तोही थांबला. पाय बधिर झाले. दिव्याची वात मी एकदा वाकून सारखी केली आणि पुन्हा सरळ बसले.

डाव्या खुर्चीतून आवाज आला, “सेट.”

मी पहिलं काय केलं तर स्वतःच्या ओठांना हात लावला. मिटलेले होते, कोरडे होते. मग वाटलं, आपणच म्हटलं असणार, मनात. उपाशीपोटी कानांत आवाज होतात, माझ्या आईलाही व्हायचे. शेजारी रेडिओ असेल. असं सगळं मी एका दमात स्वतःला समजावलं. डावीकडे बघितलं नाही. यादीवर बोट ठेवलं होतं ते तसंच खाली सरकवलं.

“फ्युएल पंप्स?”

“ऑन.”

४

पुढचे बरेच दिवस मी सुखात होते, हे कबूल केलं पाहिजे. आवाज भिंगरीचाच होता. मला वाटलं, नेम पावला. ती तिकडे जे बोलते ते मला इकडे ऐकू येतंय. आईला ऐकू येणारच, त्यात काय नवल.

एकदा हे दुपारी लवकर घरी आले. मी यादी संपवून खोलीबाहेर पडले तर हे हॉलमध्ये चपलासुद्धा न काढता उभे. म्हणाले, भिंगरी कधी आली, मला कळवायचं तरी, येताना तिच्यासाठी काहीतरी आणलं असतं. मी म्हटलं, ती तर सकाळीच गेली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, तुझाही आवाज अजून बरा तरुण आहे म्हणायचा. आणि पेपर उघडून बसले. पण त्या दिवशी त्यांनी बराच वेळ पान उलटलं नाही.

तोपर्यंत मी एक गोष्ट स्वतःपासून लपवून ठेवली होती. आवाज भिंगरीचा होता, पण आत्ताच्या भिंगरीचा नव्हता. आत्ताची वाक्याच्या शेवटी खाली येते, शेवटचं अक्षर गिळते. हा आवाज प्रत्येक शब्दावर उडी मारत होता. क्लोज्ड म्हणताना तो हसायच्या बेतात असायचा. असा आवाज आमच्या घरात वीस वर्षांपूर्वी होता.

आणि तो घाई करू लागला होता. आधी मी विचारल्यावर उत्तर यायचं. मग माझा शब्द पुरा व्हायच्या आत येऊ लागलं. मग मी नुसती यादी उघडायची खोटी, डावीकडून सुरू व्हायचं. सेट, ऑन, ऑन, क्लोज्ड. माझं बोट त्या उत्तरांमागे धावत असायचं.

लेक घरी असली की मी त्या खोलीत जात नसे. एका सुट्टीला तीच सरावाला म्हणून आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिची खुर्ची कुणी पुढे ओढली, असं तिने विचारलं. मी बघितलं. डावी खुर्ची भिंतीला इतकी जवळ होती की मोठ्या माणसाचे गुडघे आत मावले नसते. मी म्हटलं, झाडताना सरकली असेल. तिने ती मागे घेतली, बसली, आणि दहा मिनिटांत टेबलावर हात ठेवतात तसे भिंतीला हात टेकून झोपून गेली.

मी तिला उठवलं नाही. दारात उभी राहून पाहत होते, आणि मला त्या दुसऱ्या आवाजाची आठवण येत होती. तो कधी दमत नाही. तो कधी कंबर धरून उठत नाही. हे मी मनात म्हटलं, माझ्या झोपलेल्या पोरीकडे बघत.

५

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा ती एका दुपारी ड्युटीवरून आली आणि गणवेश न बदलताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही.

तिने जे सांगितलं ते असं. आदल्या दिवशी, वर असताना, ती झोपली. किती वेळ ते तिला माहीत नाही. जाग आली तेव्हा शेजारचा कप्तान कागद चाळत बसला होता. तिने घाबरून विचारलं, मला काही बोललात का. तो म्हणाला, मी नाही, पण खालून नियंत्रण कक्षाने तीन वेळा हाक मारली, आणि तिन्ही वेळा तूच उत्तर दिलंस, अगदी खणखणीत. वर म्हणाला, आज स्वारी खुशीत दिसतेय.

“मी झोपले होते, आई. मला माहितीय, कारण मला स्वप्न पडत होतं.”

मी विचारलं, कसलं स्वप्न.

“घरचं. मी आपल्या आतल्या खोलीत होते. तू यादी वाचत होतीस आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. माझ्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसलं होतं.”

हे किती वाजता, असं मी विचारलं. ती म्हणाली, साडेअकराच्या सुमारास. मी ओट्याचा काठ धरला. माझी अंघोळ अकराला होते.

मग तिने मुख्य ते विचारलं. थकव्याचा एक फॉर्म असतो. तो भरला की तिला खाली बसवतील, तपासतील, विश्रांती देतील. पण मग कप्तानाची परीक्षा गेली, पुन्हा नंबर कधी लागेल देव जाणे, आणि नाव एकदा थकलेल्यांच्या यादीत गेलं की लोक विसरत नाहीत. तिला ठरवता येत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी ती लहानपणापासून टाचा उचलून चालली तीच सोडून द्यायच्या कागदावर स्वतःच्या हाताने सही कशी करणार?

“तू सांग. तू भर म्हणालीस तर भरते.”

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांखालची कातडी कागदासारखी झाली होती. आणि मी, तिची आई, म्हटलं, “आठच दिवस राहिलेत गं.”

ती हो म्हणाली, उठली, आणि ते पाणी तिने बेसिनमध्ये ओतून दिलं.

६

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर गेली आणि मी नेम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा. अंघोळ केली, दिवा लावला नाही, सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा पिऊन टाकला. देवा, मला माफ कर, पण माझ्या पोरीचं तोंड तिच्याजवळ राहू दे, असं म्हटलं.

साडेअकराला आतल्या खोलीतून आवाज आला.

“सेट.”

मग थोडं थांबून, विचारल्यासारखं, “ऑन?”

मी कप खाली ठेवला. पुन्हा आवाज आला, “सेट. सेट. सेट.” लहान मूल एखाद्या खेळात आपली पाळी सुरू करा म्हणून मागे लागतं ना, तसा.

मी विचार केला की सुरुवात आपण केली, तर शेवटही आपणच केला पाहिजे. रोज मी उड्डाणाआधीची यादी वाचत होते. उतरतानाची कधी वाचलीच नव्हती. म्हणजे रोज मी तिला वर नेऊन तिथेच सोडत होते. ती दुसरी यादी वाचली की हे जे काही आहे ते खाली येईल, उठेल आणि जाईल. मला हे इतकं सरळ वाटलं की भीती कमी झाली.

खोलीत गेले, उजव्या खुर्चीत बसले, यादीची मागची बाजू काढली. डोळे कागदावर ठेवले. डोळ्याच्या कोपऱ्यात डावीकडे काहीतरी हलकं, ठेंगणं होतं, खुर्चीत पुढे सरसावून बसलेलं. मी तिकडे मान वळवली नाही.

“सीट बेल्टचे दिवे?”

“ऑन.”

“लँडिंग गिअर?” म्हणजे चाकं. चाकं खाली आली का, असं विचारायचं असतं, आणि उत्तर असतं, डाउन.

उत्तर आलं नाही. मी थांबले. घड्याळ ऐकत राहिले. मग शेजारून अगदी हळू, लाडीगोडी लावल्यासारखं आलं, “नको.”

मी पुन्हा विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

“नको ना, आई. उतरायचं नाही.”

मी उठले. दोन्ही खुर्च्या एकेक करून बाहेर आणल्या, टेबलाला लावल्या. डावी खुर्ची ओढताना जड नव्हती, पण गरम होती. जुनी चादर आणून भिंतीवरच्या विमानावर टांगली, वर खिळे ठोकले. शेवटचा खिळा ठोकून दोन पावलं मागे आले. खिडकी बंद, पंखा बंद. चादरीवर एका जागी बोटभर खळगा पडला आणि भरला. मग त्याच्या शेजारी. मग जरा वर. कुणीतरी माझ्या बाजूने, माझ्या आणि भिंतीच्या मधून, एकेक बटण दाबत चाललं होतं, अगदी यादीच्या क्रमाने.

मी दार ओढून घेतलं. कुलूप लावलं.

७

दोन दिवसांनी लेकीचं स्टँडबाय होतं. सकाळी मी तिच्या खोलीत गेले, पलंगावर बसले आणि म्हटलं, फॉर्म भर. परीक्षा गेली तर जाऊ दे. तू खाली राहा.

ती कोपरावर टेकून अर्धवट उठली. मग तिचा चेहरा असा सैल पडला की मला लाज वाटली, हे आधी का नाही म्हटलं. म्हणाली, उठले की भरते. मी तिचा फोन काढून घेतला आणि म्हटलं, बोलावणं आलं तर मी सांगते. तू झोप. ती कुशीवर वळली आणि तोंड उघडं टाकून, पाय पोटाशी घेऊन झोपली. मी दार लोटलं आणि कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

सव्वाबाराला फोन वाजला. ड्युटी ऑफिसातला नेहमीचा माणूस. दोनच्या विमानाचा को-पायलट आजारी पडला होता, मॅडमना पाठवा म्हणाला.

मी ठरवल्याप्रमाणे सांगितलं. ती येणार नाही, तिला थकवा आहे, फॉर्म भरणार आहे. माझा आवाज अजिबात कापला नाही. तो बिचारा चांगला होता. बरं काकू, लिहून घेतो, म्हणाला. टाइप केल्याचा आवाज आला.

आणि त्याच फोनवर, माझ्या कानाशी, कुणीतरी म्हणालं, “येते मी. गाडी पाठवा.”

टाइप करणं थांबलं. तो हसला. म्हणाला, काकू, मॅडमच आल्या की लाइनवर. तुमची माया कळते मला, माझी आईपण अशीच आहे. गाडी निघतेय हं.

मी नाही, नाही म्हणाले, ती माझी लेक नाही, असं काहीतरी म्हणाले. फोन बंद झाला होता. परत लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना.

मग मी एकच गोष्ट केली. लेकीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून तिच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. समोर बोळाच्या टोकाला आतली खोली होती आणि तिचं कुलूप मला दिसत होतं. तिथे काही हललं नाही. पण आत, दारामागे टांगून राहिलेल्या दुसऱ्या गणवेशाचा हँगर भिंतीवर आपटला. कपड्याची सळसळ झाली. मग पावलं, फक्त चवड्यांची.

कुलूप तसंच होतं. आणि बाहेरच्या दाराशी बॅगेची छोटी चाकं फरशीवर फिरली.

८

मी धावले नाही. त्याचं कारण मी पुष्कळदा शोधलंय. धावले असते तर तिने वळून बघितलं असतं, आणि मला ते तोंड बघायचं नव्हतं.

बोळातल्या खिडकीतून फाटक दिसतं. गणवेश होता, इस्त्रीची घडी मी केली होती तशीच. उंची भिंगरीची. टोपी मात्र डोक्यावर सैल बसली होती, कानांपर्यंत उतरली होती. हात अंगापासून जरा लांब धरलेले, आणि टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. ड्रायव्हरने बॅग घेतली, काहीतरी गंमत केली असावी, कारण हसू ऐकू आलं. वीस वर्षांनी ऐकलं मी ते. गाडीचं दार लागलं.

मी वळून लेकीच्या खोलीत गेले. पडदा बोटभर बाजूला केला. ती होती. हनुवटीवरचा टाक्याचा व्रण, तेलकट केस, उशीवर लाळेचा डाग. हात लावला तर झोपेतच वैतागून तिने तो झटकला. माझी लेक घरी होती, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

ह्यांना छापखान्यात फोन केला. यंत्रांच्या आवाजात त्यांना अर्धंच ऐकू गेलं. म्हणाले, झोपलीय ना, मग झोपू दे की, आणि मी एवढंच म्हणू शकले की हो.

ड्युटी ऑफिस लागलं तेव्हा सव्वादोन झाले होते. मी म्हटलं, माझी मुलगी इथे झोपलेली आहे. जी आली आहे तिला विमानात बसू देऊ नका. त्याने काकू, काकू करत मला शांत केलं. म्हणाला, मॅडम वेळेआधी आल्या, तपासणी दिली, फिट म्हणून सही केली, विमान पाच मिनिटं लवकरच सुटलं. तुम्ही थोडं पाणी प्या. मी विचारलं, माणसं किती आहेत आत. एकशे बहात्तर, तो म्हणाला. मी विचारलं, उतरणार कधी.

“पाच चाळीसला, काकू. काळजी करू नका. मॅडमना मी पाच वर्षं बघतोय, पण आजच्यासारख्या खूश कधी बघितल्या नाहीत. गुणगुणत गेल्या.”

मी देवापुढे जाऊन बसले. हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. माझी लेक उडू दे, दमू नये, लहानपणी होती तशी आनंदात असू दे. मी मागितलेलं सगळं एकही शब्द न वगळता दिलं गेलं होतं.

पावणेपाचला भिंगरी उठली. केस पिंजारलेले, गालावर उशीच्या घड्या. स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, खूप भूक लागलीय. मी पाव भाजला, लोणी लावलं. तिने चार तुकडे खाल्ले. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मग तिने सहज विचारलं, फोन आला होता का.

मी आजवर तिच्याशी सरळ तोंडावर खोटं बोलले नव्हते.

“नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी नेलं असेल. सुटले बाई.” तिने खुर्ची ओढली. टेबलाला सहाच्या सहा खुर्च्या बघून ती जरा थबकली. बसली, पाय वर घेतले, आणि फॉर्म आण म्हणाली, आत्ताच भरून टाकते. मी पेन दिलं. ती एकेक रकाना मोठ्याने वाचत भरू लागली, सुवाच्य, घाई न करता. तिच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं. सव्वापाच झाले होते.

“आई, अजून चहा आहे?” तिने विचारलं.

मी आधण ठेवलं.